दोरा हौसाकाकूच्या हातात

"शके, तुझ्या काकूला सांग, तिकडची कड वर आलीया."

"शके, तुझ्या आईला सांग, मला डोळं हायत."

दोघींच्या मध्ये हातभर अंतर. त्या अंतरात माझ्या होणाऱ्या बाळाची वाकळ पसरलेली. ज्याच्यासाठी दोघी ती शिवत होत्या तो आता मिशीला पीळ देत फिरतो, पण तेव्हा तो माझ्या पोटात लाथा मारत होता, आणि मी भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून दोघींचे निरोप पोचवायला बसले होते. खरं तर निरोप पोचवायची गरजच नव्हती. आई बोलायची ते काकूला ऐकू जायचं, काकू बोलायची ते आईला. माझं नाव म्हणजे वाटेतली पायरी, तिच्यावर पाय ठेवून शब्द पलीकडे जायचा.

हौसाकाकू म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, आईची धाकटी जाऊ. परकर नेसायच्या वयात ती आमच्या घरात सून म्हणून आली. तिला आईनं न्हाऊ घातलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला भाकरी थापायला आणि वाकळ शिवायला शिकवलं. तिला मूलबाळ उशिरा झालं, तोवर मी तिच्याच कडेवर. मग घर वाटून झालं. एका चुलीच्या दोन चुली झाल्या, एका दाराची दोन दारं झाली. भाऊ-भाऊ बांधावर बसून एकाच चंचीतलं पान खात राहिले, पण जावा-जावांचा अबोला पडला. का पडला ते दोघीही सांगेनात. आईला विचारलं तर म्हणायची, "तिलाच विचार." काकूला विचारलं तर म्हणायची, "तिलाच ठावं."

तरी वाकळीला मात्र दोघी बसल्या. आमच्या वाडीत पहिल्या नातवंडाची वाकळ एका हातानं शिवत नाहीत. घरातल्या साऱ्या जावांचा दोरा तिच्यात पडावा लागतो, नाहीतर ऊब धरत नाही म्हणतात. म्हणून काकू सकाळी आपली सुई, आपला दोऱ्याचा गुंडा घेऊन आली, उंबऱ्यातच उभं राहून मला म्हणाली, "शके, वाकळ कुठं टाकलीया?" आणि आईच्या समोरच्या कडेला जाऊन बसली. वाकळ कडेनं शिवत शिवत मध्याकडं येते. आईचं जुनं हिरवं लुगडं वर, आजोबांचं धोतर आत, काकूनं आणलेलं जांभळं पातळ खाली. दोघींचा धावदोरा मुंगीच्या रांगेसारखा सरकत होता. कोण जास्त बारीक टाका घालतंय याची चढाओढ दोघींच्याही मानेतून दिसत होती.

आईची एक रीत होती. वाकळ ओढून नीट करायची झाली की ती सुई ओठात धरायची. जिभेला टोचू नये म्हणून टोक बाहेर, दोरा ओवलेलं नेढं आत. आमच्याकडं सगळ्याच बायका अशीच धरतात. तशी तिनं सुई धरली, दोन्ही हातांनी हिरव्या लुगड्याची सुरकुती काढायला वाकली, आणि तेवढ्यात काकूनं मान खाली घालूनच ओवी धरली. जात्यावर म्हणतात तशी, सावकाश, जशी काही स्वतःशीच.

"पाव्हणा जावईबापू, उंबऱ्याशी अडखळला
लाडवाचा डबा दिसं, नमस्कार इसरला."

माझा नवरा आदल्या दिवशी मला भेटून गेला होता, आणि अगदी असंच झालं होतं. आईच्या पायाकडं वाकता वाकता त्याची नजर फळीवर गेली आणि तो तसाच अर्ध्यात उभा राहिला. काकूनं हे आपल्या दारातून बघितलं असणार.

आई हसली. काकूच्या बोलण्यावर हसायचं नाही हे तिनं इतके दिवस पाळलं होतं, म्हणून ते हसू आतून धक्का मारून आलं. तिनं ते गिळायला बघितलं. हसू गिळता गिळता सुईच आत गेली.

आधी मला कळलंच नाही. आई ताठ झाली, तिचे डोळे मोठे झाले, हात गळ्याशी गेला. तिच्या ओठातून पांढरा दोरा लोंबत होता आणि त्याचं दुसरं टोक अजून वाकळीत होतं. शेवटचा टाका तिथंच अडकलेला.

"अक्का!" काकू ओरडली. निरोपाची पायरी तिथंच राहिली, ती वाकळीवरून सरळ पलीकडं गेली.

तिनं आधी दातानं वाकळीकडचा दोरा तोडला आणि टोक मुठीत धरलं. मग कुणीही करील तेच तिनं केलं. हळूच ओढून बघितलं. आईनं तिचं मनगट असं पकडलं की बांगडी पिचली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मान नाही, नाही. दोऱ्यावर थोडं रक्त आलं.

"न्हाई वढत, न्हाई वढत," काकू म्हणाली. "सोड हात. न्हाई वढत."

आरडाओरड ऐकून शेजारची चंद्राबाई धावत आली. बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "आगं, केळं चारा तिला, केळं! सुई खाली जाती, उद्या परसाकडंला पडती."

आईनं केळ्याकडं हात केला. मीही उठले, शिंकाळ्यात केळी होती. पण काकूनं दोऱ्याकडं बघितलं. "आणि दोरा वं? दोरा बी तिच्या पोटात जाऊ दे? न्हाई. आधी डॉक्टरला दावू. शके, निवृत्तीला हाक मार. वडाप काढ म्हणावं."

निवृत्तीदादाची वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप पारावरच उभी असायची. त्यानं माणसं उतरवली आणि आम्हा तिघींना घेतलं. सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी पुढं बसले, मान मागं वळवून. मागच्या बाकावर आई, आणि तिला चिकटून काकू. दोरा काकूच्या तर्जनीला गुंडाळलेला.

पाटणच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, म्हातारेसे, शांत. त्यांनी फोटो काढला. काळी काच उजेडात धरून आम्हाला दाखवली. मानेच्या हाडांपुढं एक पांढरी काडी उभी. इतकी सरळ, इतकी बारीक, की मला आधी वाटलं काचेवर ओरखडा पडलाय.

"ही सुई. अन्ननलिकेत उभी आहे. नेढं खाली, टोक वर. दोरा खालून वळून वर आलाय. तुम्ही ओढला असता तर सुई आडवी फिरली असती आणि नळी फाटली असती."

"आन केळं चारलं आस्तं तर?" मी विचारलं.

"ढकलली गेली असती. कुठं रुतली असती सांगता येत नाही." ते काच खाली ठेवून आईसमोर बसले. "बाई, नीट ऐका. घाबरवत नाही, पण सांगायला पाहिजे. नळी फाटली तर छातीत पू होतो, आणि मग माणूस वाचवणं अवघड. माझ्याकडं दुर्बीण नाही. कराडला जायचं, मी चिठ्ठी देतो. तोपर्यंत गिळायचं नाही. थूकसुद्धा नाही. खोकायचं नाही, रडायचं नाही, बोलायचं नाही. पुढं वाकून बसा, लाळ गळू द्या."

मग त्यांनी दोऱ्याकडं बघितलं. "हा ताणायचा नाही आणि सैलही सोडायचा नाही. सैल सोडला तर गिळला जाईल, ताणला तर सुई हलेल." त्यांनी दोरा आईच्या गालावर चिकटपट्टीनं लावला. आम्ही जीपपर्यंत पोचतो तोच पट्टी लाळेनं ओली होऊन निघाली.

"ऱ्हाऊ दे ती," काकू म्हणाली. "मी हाय की."

पाटण ते कराड रस्ता आता गुळगुळीत झालाय. तेव्हा तो खड्ड्याखड्ड्यांचा होता. जीप उसळली की आईचं डोकं उसळायचं, आणि काकूचा हात मागं राहिला तर दोरा ताणायचा. दोन खड्ड्यांतच काकूला ते कळलं. तिनं आपलं मनगट आईच्या हनुवटीला घट्ट टेकवलं, दुसरा हात आईच्या मानेमागं घातला, आणि आपलं कपाळ आईच्या कपाळाच्या बाजूला लावलं. आता डोकं हाललं की हात हालायचा. दोघी मिळून एकच बाई झाल्यासारख्या. आईची लाळ काकूच्या पदरावर गळत होती.

"निवृत्ती, हळू घे."

"हळूच घेतोय, काकू."

"हळू घे, पर थांबू नगंस."

नदीकाठचा ऊस दोन्ही बाजूंनी मागं पळत होता. आईचा श्वास फुस्स फुस्स ऐकू येत होता. तिच्या घशात थुंकी साठायची, गिळावंसं वाटायचं, आणि तिचे डोळे भेदरायचे. तसं झालं की काकू तिचं डोकं खाली वाकवायची. "गळू दे. गळू दे, अक्का. माझा पदर फाटकाच हाय."

एकदा आईच्या घशाला उबळ आल्यासारखं झालं. मान पुढं ताणली, खांदे उचलले. मी पुढच्या बाकावरून बघत होते. काकू बोलायला लागली. काहीही. आईचं लक्ष घशाकडून काढायला.

"माझ्याकडं बघ. अक्का, माझ्याकडं. आपली पांढरी शेळी याली का? याली. दोन पिल्लं झाली, दोन्ही पाठीच. तुला कोण सांगणार? तू तर माझ्या दारातनं जाताना तोंड फिरवून जातीस. एक पाठ कपाळावर काळी हाय, टिकली लावल्यावानी. तिचं नाव तान्ही ठेवलं. तुझं नाव तानूबाई, म्हणून. हसू नगंस! आजिबात हसू नगंस. मघाशी हसलीस आन ही येळ आणलीस."

आईचे डोळे काकूवर खिळले. उबळ उतरली.

"शाणी माझी," काकू म्हणाली. आणि मग ती थांबेचना. इतक्या दिवसांचं धरण फुटल्यासारखी. तिच्या पोरानं शाळेत काय केलं, तिच्या चुलीचा धूर कसा उलटा येतो, आईच्या हातचं कालवण आठवून नवऱ्याच्या ताटात तिनं मिठाचा खडा कसा जास्त टाकला. आई फक्त बघत होती. बोलता येत नव्हतं, मान हालवता येत नव्हती.

कराडच्या अलीकडं जीप एका मोठ्या खड्ड्यात आदळली. काकूनं दोरा सोडला नाही, ताणलाही नाही, पण तिचाच हुंदका निघाला. तेवढ्यात तिच्या तोंडून ते निघालं.

"सुटले म्हणालीस."

आईच्या भुवया हालल्या.

"घर वाटलं त्या दिवशी. भांडी वाटून झाली, मी हंडा घेऊन दाराबाहेर पडले, आन तू चंद्राबाईला म्हणालीस, सुटले बाई एकदाची. मी उंबऱ्यातच होते. कशातनं सुटलीस गं? माझ्यातनं? मी तुला इतकी जड झाले व्हते?"

निवृत्तीदादानं आरसा दुसरीकडं वळवला.

"मी रात्रभर इचार केला, माझं काय चुकलं. तुझ्या हाताखाली भाकरी शिकले, तुझ्या कुशीत झोपले. आईच्या घरची तर मला आठवण बी न्हाई, तुझीच हाय. मग म्हटलं, ही सुटली तर आपण तरी का धरून ऱ्हायचं? आपण बी बोलायचं न्हाई." काकूनं नाक आईच्याच खांद्याला पुसलं, कारण दोन्ही हात गुंतलेले. "आन आता बघ. दोरा धरून बसलेय तुझा."

आईच्या डोळ्यांत पाणी तरंगायला लागलं.

"रडू नगंस! डॉक्टर काय म्हणालं? रडलीस की गिळशील. मी बी न्हाई रडत. बघ, मी कुठं रडतेय?" ती रडत होती. मग तिनं डोळे मिटले आणि जात्यावरच्या आवाजात, एकदम हळू, आईच्या कानाशी ओवी धरली. आता थट्टा नव्हती.

"थोरली माझी जाऊ, तिला मी आई म्हणू
एका ताटात जेवलो, उष्टं कुणाचं कसं जाणू."

तीच ओवी ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. प्रत्येक खेपेला थोडी सावकाश, आणि आईचा श्वास तिच्या लयीला लागत गेला. मी पुढं तोंड करून बसले. मला मागं बघवेना.

कराडच्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टर बाई होत्या, उंच, केसांत पांढरी बट असलेल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, काच बघितली, आणि आईला लगेच आत घ्यायला सांगितलं. भूल द्यायची, दुर्बीण घालायची, आणि दोऱ्याच्या मागानं सुईपर्यंत जायचं. "दोरा आहे हे बरं झालं," त्या म्हणाल्या. "वाट दाखवायला आहे."

दारापाशी त्यांनी काकूपुढं हात केला. "आता माझ्याकडं द्या."

काकूनं दिला नाही.

"आत तुम्हाला येता येणार नाही, बाई."

"म्या न्हाई येत. पर हे..." काकूनं आपल्या बोटाकडं बघितलं. ते निळं पडलं होतं, दोरा मांसात रुतला होता. "सैल सोडू नका. आन ताणू नका."

"नाही."

"ती घाबरली की गिळती."

"मी तिच्याशी बोलत राहीन," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि आपलं बोट काकूच्या बोटाला लावलं. एक एक वेढा या बोटावरून त्या बोटावर गेला. आई पलंगावर आडवी, नजर काकूकडं. मग दार मिटलं.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. काकूची मूठ तशीच अर्धी मिटलेली, हवेत उचललेली, जशी काही दोरा अजून तिच्यातच आहे. मी तिचा हात खाली घ्यायला बघितलं, ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मग पोटात बाळानं अशी काही लाथ मारली की मी कण्हले. काकूचा तोच हात माझ्या पोटावर आला.

"गप रं बाबा," ती म्हणाली. "तुझ्या आजीला काय होत न्हाई."

तिला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. तिलाही ठाऊक नव्हतं. आमच्यासमोर एक घड्याळ होतं, त्याच्याकडं ती बघतच नव्हती. ती फक्त दाराकडं बघत होती.

डॉक्टर बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी वाटी होती आणि तिच्यात सुई. काकूनं वाटीकडं ढुंकूनही बघितलं नाही. "ती?"

"ठीक आहे. भुलीतून येतेय. थोडं खरचटलंय." त्यांनी हात पुसले. "पण अजून मी पूर्ण निश्चिंत नाही. खरचटलेल्या जागी बारीक भोक असलं तर ते उद्यापर्यंत कळेल. ताप आला, छातीत दुखलं, मान सुजली, की लगेच सांगायचं. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि बोलू द्यायचं नाही."

ती रात्र काकू पलंगाशेजारी बसून होती. मला तिनं बळंच व्हरांड्यात झोपवलं. मला मधूनमधून जाग आली की खिडकीतून दिसायचं ते एकच. काकूचा हात आईच्या कपाळावर, तिथून छातीवर, पुन्हा कपाळावर. ताप आला की नाही ते बघत.

सकाळी पुन्हा फोटो काढला. डॉक्टर बाईंनी मान दाबून बघितली, छाती तपासली, काच खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ बघितली. काकू माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली होती.

"भोक नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "ताप नाही. आता चमच्यानं पाणी द्या. दोन दिवस पातळ पेज. बोलायचं अगदी थोडं."

त्या पुढच्या पलंगाकडं गेल्या. काकूनं चमचा भरला. आईनं पाणी गिळलं, आणि गिळताना तिचा चेहरा वेडावाकडा झाला, पण पाणी गेलं. दुसरा चमचा गेला. तिसऱ्या चमच्याला आईनं तोंड फिरवलं आणि काकूकडं बघून म्हणाली,

"म्हणाले व्हते."

आवाज कसला, नुसती हवा. घासलेल्या भांड्यावर राख फिरावी तसा.

"काय?" काकू म्हणाली.

"सुटले म्हणाले व्हते. खरं हाय." आई थांबली, गळ्याला हात लावला. "तुझा हंडा भरून देताना रडू यायला लागलं. चंद्राबाई समोर. तिच्या म्होरं रडायचं न्हाई म्हणून बोलले. तू गेल्यावर... चुलीम्होरं बसून..."

"बस, बस कर, अक्का. घसा."

"आन शेळीचं नाव..." आईच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, आणि ओठ हसले. "माझं नाव शेळीला ठेवतीस व्हय गं? आन दिराच्या ताटात मीठ... मी कवा जास्त मीठ टाकलं? आन तुझी चूल मी म्हणालेच व्हते, तोंड दक्षिणेला करू नगंस म्हणून..."

जीपमध्ये काकू जे जे बोलली होती, त्यातलं एकही आईनं सोडलेलं नव्हतं. सगळं क्रमानं लावून ठेवलं होतं. काकू एका डोळ्यानं रडत होती आणि दुसऱ्यानं भांडायला तयार होत होती.

दाराशी नर्सबाई आली. "अहो, काय चाललंय? बोलायचं नाही सांगितलं ना त्यांना?"

आई गप्प झाली. पण ओठ हालतच होते. काकूनं नर्सबाईकडं मान डोलावली, चमचा माझ्या हातात दिला, पलंगाच्या कडेला बसली, आणि वाकून आपला कान आईच्या तोंडाशी नेला.

"हळू बोल," ती म्हणाली. "ह्या कानात बोल. मला एकटीला ऐकू आलं तरी पुरं."